दुखवटा संपवायला येणारा

कपाळ मोठं आणि पुढे आलेलं, पावसात उभा राहिला तर डोळे कोरडे राहतील इतकं. त्याखाली चेहरा एकदम आत गेलेला आणि सपाट. नाक लांब, अरुंद, भुवयांपासून सरळ खाली उतरलेलं, चेहऱ्याचे दोन भाग करणारं. डोळे म्हणजे बारीक फटी. तोंड असलंच तर इतकं लहान, की हा बोलायला आलेला नाही हे पाहताक्षणी कळावं. रंग तीनच, पांढरा, तांबडा आणि काळा. त्यांची एकमेकांत मिसळ नाही. कपाळाला एक रंग, गालांना दुसरा आणि मधली हद्द स्पष्ट.

हा म्वुदी. मध्य आफ्रिकेतल्या गॅबन देशात, ओगोवे नदीच्या वरच्या खोऱ्यात, लास्तूरव्हिल गावाच्या आसपास आदुमा नावाचे लोक राहतात. त्यांचा हा लाकडी मुखवटा. त्याच्याविषयी लिहिताना मी त्याला वस्तू म्हणणार नाही, कारण त्याचे लोकही त्याला वस्तू मानत नाहीत. लाकूड कोरून चेहरा तयार होतो, म्वुदी होत नाही. त्याला अंग लागतं, ताल लागतो, गाणाऱ्या बायका लागतात, आणि मुख्य म्हणजे बोलावण्याचं कारण लागतं. विनाकारण तो येत नाही. कोणी गेलेलं असतं, त्याचा दुखवटा संपवायचा असतो. मुलांना जाणत्यांच्या पंगतीत घ्यायचं असतं. कुणी मोठा माणूस गावात येणार असतो. यातलं पहिलं काम सगळ्यात अवघड, आणि म्वुदीचा खरा स्वभाव त्या कामात दिसतो.

तो नदीकाठच्या लोकांचा आहे, हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे. ओगोवे सुमारे बाराशे किलोमीटर वाहते आणि पोर्ट-जेंटिलजवळ अटलांटिकला मिळते. आपल्याकडच्या वाचकाला ती एका गावामुळे ठाऊक असते. डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९१३ मध्ये जिथे दवाखाना सुरू केला, ते लांबारेने याच नदीवर. पण लांबारेने खालच्या अंगाला आहे, तिथवर आगबोटी पोचत. वर एनजोले लागलं की खडक आणि धावतं पाणी सुरू होतं, आणि तिथून पुढे मोठ्या बोटींचं काही चालत नाही. तिथे ओकुमेच्या एका अखंड खोडातून कोरलेली लांब, अरुंद होडीच चालते, आणि ती हाकणारा तसाच तयारीचा लागतो. आदुमा आणि त्यांच्या खालच्या अंगाचे ओकांदा हे त्या पाण्याचे जाणकार. कोणत्या खडकाला कोणत्या बाजूने वळसा घालायचा, कुठे सगळ्यांनी उतरून दोर लावून होडी ओढायची, कुठे देवाचं नाव घेऊन ती सोडून द्यायची, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं.

१८७५ मध्ये पिएर साव्होर्न्यां द ब्राझा हा जन्माने इटालियन असलेला फ्रेंच नौदल अधिकारी ही नदी वर चढून जायला निघाला. पुढच्या दहा वर्षांत त्याच्या मोहिमा एकामागून एक आल्या. फ्रान्सचा मध्य आफ्रिकेतला अंमल या नदीवाटेने आत शिरला, आणि तो आत नेला तो याच नावाड्यांनी. पेट्या, कापड, बंदुका, मीठ, तारा, सगळं त्यांच्या वल्ह्यांच्या जोरावर वर गेलं. त्याआधीही ही वाट मोकळी नव्हती. याच पाण्यातून वरच्या मुलखातली माणसं गुलाम म्हणून किनाऱ्याकडे विकली गेली होती. लास्तूरव्हिल हे नावही ब्राझाच्या एका सोबत्याचं. रिगाय द लास्तूर १८८५ मध्ये तिथेच वारला आणि गावाला त्याचं नाव पडलं. नकाशावर बाहेरच्याचं नाव राहिलं आणि वल्ही मारणाऱ्यांची नावं कुठेच राहिली नाहीत, हे मला खुपतं.

म्हणजे आदुमांनी लाकडाच्या दोन गोष्टी केल्या. होडी आणि मुखवटा. होडी जिवंत माणसाला नदीतून पार करते. मुखवट्याकडे दुसऱ्या बाजूची जबाबदारी आहे.

मुखवट्याचं लाकूड हलकं आणि मऊ असतं. ते घालून नाचायचं असतं, तेव्हा जड लाकूड मानेला पेलणार नाही. कोरण्याचं काम गावाच्या मध्यावर, पोरांच्या घोळक्यात होत नाही. ते आडबाजूला, ज्यांना दीक्षा मिळाली आहे त्यांच्यातच होतं. मग रंग. पांढरा रंग केओलिनच्या मातीचा. ही माती नदीच्या काठावर, दलदलीत मिळते, आणि गॅबनमधल्या बहुतेक समाजांच्या समजुतीत मेलेल्यांचं वास्तव्यही पाण्याच्या आसपासच असतं. पांढरा हा त्यांचा रंग. आपल्या डोळ्यांना म्वुदीचा पांढरा चेहरा शांत वाटेल, प्रसन्नही वाटेल. तिथल्या माणसाला तो पाहून आधी कळतं की हा पलीकडून आला आहे. काही युरोपियनांनी अशा पांढऱ्या मुखवट्यांत स्वतःचा गोरेपणा शोधला, त्यांच्या नाकाडोळ्यांत जपानी चेहरेही शोधले. दोन्ही गोष्टी निराधार होत्या. पांढरा म्हणजे आजोबा, पणजोबा, त्यांच्याही आधीचे.

तांबडा रंग जिवंतांचा. रक्ताचा, बाळंतपणाचा, अंगातल्या उबेचा. गॅबनमध्ये तो पाडूक नावाच्या झाडाच्या लाकडापासून काढतात. लाकूड घासून त्याची भुकटी करायची आणि पाम तेलात कालवायची. अंगाला लावायलाही तीच, मूर्तीला आणि मुखवट्यालाही तीच. हे पाडूक आपल्याला अगदी परकं नाही. आपल्याकडचं रक्तचंदन आणि सह्याद्रीत वाढणारा बिबळा ही त्याच कुळीची, त्याच वंशातली झाडं. बिबळ्याच्या सालीला कोयता लागला की जो तांबडा चीक वाहतो, तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या झाडात कोणाला रक्त का दिसावं हे सांगायला नको. काळा रंग कोळशाचा.

आता हे तीन रंग एका चेहऱ्यावर शेजारी शेजारी मांडलेले पुन्हा पाहा. मेलेल्यांचा पांढरा, जित्यांचा तांबडा, आणि दोघांच्या मधली काळी रेघ. कारागिराने नक्षीसाठी केलेली ही वाटणी नाही. म्वुदीला जे काम करायचं आहे, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं आहे.

संग्रहालयात मुखवटा समोरून दाखवतात. मला विचाराल तर तो मागून पाहावा. मागची बाजू पोकळ असते, तासणीच्या खुणा तिथे तशाच राहिलेल्या असतात, कारण ती बाजू कोणाला दाखवायची नसते. कडेला सगळीकडून बारीक भोकं पाडलेली असतात. खूप वापरलेल्या मुखवट्यात आतला कपाळाचा आणि गालांचा भाग घामाने, कातडीच्या घासण्याने गुळगुळीत आणि काळपट झालेला असतो. समोरून देवत्व दिसतं, मागून माणूस. भोकांतून राफियाच्या तंतूंची झालर ओवलेली असते. ती खाली मानेवर, खांद्यांवर पसरते आणि आतल्याला पुरता झाकते. अंगावर कापड, तंतू, कधी जनावराचं कातडं. एक बोटही ओळखीचं दिसता कामा नये. विकणारे झालर काढून टाकतात, चेहरा स्वच्छ दिसावा म्हणून. मग उरतात नुसती भोकं, आणि बघणाऱ्याला ती वाळवीची वाटतात.

आत कोण आहे हे गावाला ठाऊक नसतं असं नाही. चाल ओळखू येते, उंची ओळखू येते. पण ते बोलायचं नसतं. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. मुखवटा चढला की रोजचा ओळखीचा माणूस बाजूला होतो आणि लोक सोंगाच्या पाया पडतात. त्यात कोणी कोणाला फसवत नसतं. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं की एवढा वेळ हा माणूस नाही.

तर तो ज्या दिवशी येतो त्या दिवसाविषयी.

गॅबनमध्ये माणूस गेला की त्याला पुरून सगळं संपत नाही. मरण हा एक प्रसंग, आणि दुखवटा काढणं हा दुसरा. दोन्हींच्या मध्ये बराच काळ जातो, पुष्कळदा वर्षभर. या काळात घर अर्धं थांबलेलं असतं. विधवेवर सगळ्यात जास्त बंधनं. कपडे ठरलेले, केसांवर बंधन, हसण्याबोलण्यावर, बाहेर जाण्यावर, पुन्हा संसार मांडण्यावर बंधन. गेलेला माणूसही अडकलेलाच असतो. तो इथला राहिलेला नसतो आणि पूर्वजांत अजून पोचलेला नसतो. अशा अधांतरी मेलेल्याची भीती वाटते. घरात आजार आला, शिकार मिळेना, मूल रात्री दचकून उठू लागलं, की सगळ्यांची नजर तिकडे वळते.

म्हणून मग नातेवाईक जमतात. खर्च मोठा असतो, तो उभा करायलाच वेळ लागतो. आईकडचे, बापाकडचे, लग्नाने जोडलेले, सगळ्यांना यावं लागतं. या समाजांत वंश आईच्या बाजूने मोजतात, त्यामुळे मामाच्या शब्दाला फार वजन. जुनी देणीघेणी निघतात, रुसवेफुगवे निघतात, कोणामुळे मेला याची कुजबुज निघते, आणि ती तिथेच मिटवावी लागते. रात्रभर ढोल. जेवण, दारू, गाणी. आणि या गर्दीत, ठरलेल्या घटकेला, रानाच्या बाजूने मुखवटा येतो.

तो काय करतो? नाचतो. वर्ष-वर्ष ज्या अंगणात मोठ्याने हसणं मना होतं, तिथे तो मातीवर पाय आपटतो. बायका गाणं उचलतात, टाळ्यांनी ताल धरतात, पोरं मागे सरतात आणि पुन्हा पुढे येतात. ज्याच्या नावाने हा सगळा खटाटोप, त्याच्या वतीने पूर्वजांपैकी कोणी तरी स्वतः येऊन गेला, हे सगळ्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यानंतर विधवा अंगावरचे दुखवट्याचे कपडे उतरवते. माणूस पोचला. घर चालू झालं.

याला मी नाटक म्हणणार नाही, आणि अंधश्रद्धा म्हणून बाजूलाही सारणार नाही. दुःख कुठे थांबवायचं हे एकट्या माणसाला ठरवता येत नाही. ठरवलं तर अपराधी वाटतं, नाही ठरवलं तर ते माणसाला खात राहतं. बायको तर ते ठरवूच शकत नाही, लोक बोलतील. नवऱ्याच्या भावाने सांगितलं तर त्यात त्याचा स्वार्थ दिसेल. हे सांगायला असा कोणी लागतो, ज्याचा या घरात काही स्वार्थ नाही, ज्याच्याशी वाद घालता येत नाही आणि जो उद्या इथे नसेल. म्वुदी तो आहे. त्याचं तोंड लहान का, याचं उत्तर मला इथे सापडतं. त्याला युक्तिवाद करायचा नसतो. त्याने आलं की झालं.

त्याचे शेजारी वेगळ्या स्वभावाचे. गॅबनच्या दक्षिणेला पुनू लोकांचा मुकुई आहे. पांढरा, देखणा, स्त्रीचा चेहरा असलेला. कपाळावर आणि कानशिलांवर चौकटीच्या आकाराची उठावाची नक्षी, डोळे मिटल्यासारखे. आतमध्ये मात्र पुरुष, आणि तो उंच काठ्यांवर चढून नाचतो. जुळी मुलं झाली तरी त्याला बोलावतात. सौंदर्यात म्वुदी त्याच्या जवळपासही नाही. कोता लोक पूर्वजांच्या अस्थी टोपलीत जपत आणि त्यावर तांब्या-पितळेचे पत्रे मढवलेली मूर्ती राखणीला बसवत. ती जागची हलत नाही. आणि उत्तरेच्या फांग लोकांचा एनगिल, लांबट पांढऱ्या चेहऱ्याचा, रात्री मशालींच्या उजेडात येणारा. तो न्याय करी, जादूटोणा करणाऱ्याला शोधून काढी, आणि त्याच्या येण्याने गाव गारठून जाई. फ्रेंच सरकारने १९१० च्या सुमारास त्याला बंदी घातली. सत्तेला दुसरा न्यायाधीश चालत नाही.

म्वुदीने कोणाला शिक्षा केली नाही, म्हणून कदाचित त्याच्याकडे सरकारची नजर कमी वळली. त्याच्याकडे वळली ती गोळा करणाऱ्यांची. आधी मोहिमेवरचे अधिकारी, मग मिशनरी, मग व्यापारी. याच काळात पॅरिसमधल्या चित्रकारांना आफ्रिकन मुखवट्यांचा शोध लागला. १९०६ मध्ये व्लामँककडचा एक फांग मुखवटा देरँने विकत घेतला, आणि त्याच्याकडे तो पिकासो आणि मातीस यांनी पाहिला, ही कथा कलेच्या इतिहासात शंभरदा सांगून झाली आहे. मला तिच्यात फार रस नाही. म्वुदीच्या सपाट गालांमुळे आणि धारदार नाकामुळे जाणकार त्याच्याविषयीही क्युबिझमच्या भाषेत बोलतात. तसं बोलण्याने त्याचा मान वाढतो असं त्यांना वाटतं. ओगोवेकाठच्या सुताराने कोणाच्या आधी काय केलं याची शर्यत लावली नव्हती. त्याला एक दुखवटा संपवायचा होता.

होडीचं पुढे काय झालं? रस्ते आले. मग १९८६ मध्ये किनाऱ्यापासून फ्रान्सव्हिलपर्यंतचा ट्रान्स-गॅबन रेल्वेमार्ग पुरा झाला. तो बूए आणि लास्तूरव्हिलवरून जातो, ज्या धावत्या पाण्यासाठी आदुमा नावाडी लागत त्याच्या बाजूबाजूने. जो प्रवास वल्ह्यांवर आठवड्यांचा होता, तो गाडीने एका रात्रीचा झाला. लांबच्या मालवाहतुकीला नावाडी लागेनासे झाले. होडीने आपलं काम गाडीच्या हवाली केलं आणि ती मासेमारीपुरती उरली. त्यात रडण्यासारखं काही नाही. काम झालं, साधन बदललं.

दुखवटा काढायचं काम मात्र गाडीला जमत नाही, सरकारी दाखल्यालाही जमत नाही. आजही लिब्रव्हिलसारख्या शहरात दुखवटा काढण्याचा समारंभ थाटाने होतो. सारख्या कापडाचे कपडे शिवले जातात, मंडप पडतो, माणसं रात्रभर जागतात. त्यात कुठे ख्रिस्ती प्रार्थना आली आहे, कुठे भाड्याचे लाउडस्पीकर आले आहेत. गॅबनमधले मुखवटे सणाला नाचतात, १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाला, सरकारी पाहुण्यांसमोरही नाचतात. शुद्धतावाद्यांना हे आवडत नाही. मला त्यात गैर दिसत नाही. मोठा माणूस आला की त्याच्यासमोर यायचं, हे म्वुदीचं जुनंच काम होतं. जो नाचतो तो मुखवटा जिवंत, मग समोर मंत्री बसलेला असो की मामा.

आणि जो नाचत नाही त्याचं काय? २६ मार्च २०२२ रोजी फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात एका फांग एनगिल मुखवट्याचा लिलाव झाला. ४२ लाख युरोंची बोली लागली. एका वृद्ध जोडप्याने तो माळ्यावरच्या अडगळीतून काढून जुन्या वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याला १५० युरोंना विकला होता. नवऱ्याचे आजोबा आफ्रिकेत गव्हर्नर होते, त्यांनी आणलेला. लिलावाच्या दालनात काही गॅबनी माणसं उभी राहिली आणि हा आमचा आहे असं ओरडून म्हणाली. लिलाव थांबला नाही. मग जोडपं कोर्टात गेलं, की आम्हाला फसवलं. गॅबनचं सरकारही त्या खटल्यात उतरलं. डिसेंबर २०२३ मध्ये आलेसच्या न्यायालयाने दोघांचीही मागणी फेटाळली. फ्रान्समधली वर्तमानपत्रं दीडशे आणि बेचाळीस लाख या दोन आकड्यांमधल्या फरकावर दिवसचे दिवस बोलत राहिली. तो मुखवटा ज्या न्यायासाठी कोरला गेला त्याविषयी कोर्टात बोलायला जागाच नव्हती.

पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात एकट्या गॅबनच्या २,४०० हून अधिक वस्तू आहेत. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून पुढच्या वर्षी बेनिनला २६ वस्तू परत केल्या, म्हणजे परत देता येतं हे सिद्ध झालं आहे. माझं मत असं की ज्या मुखवट्याचा समाज आजही दुखवटे काढतो, तो मुखवटा परत गेला पाहिजे. तिथे तो फुटेल, वाळवी लागेल, पावसात रंग जाईल, असं संग्रहालयवाले म्हणतात. खरं आहे. त्याच्या आधीचेही असेच फुटले आणि त्यांच्या जागी नवे कोरले गेले. त्याला टिकवायचं काम कारागिराचं होतं, कपाटाचं नाही.

वाचकांपैकी कोणी पॅरिसला जाणार असेल, तर के ब्रान्लीत गॅबनच्या मुखवट्यांपुढे थोडा वेळ काढावा. शेजारच्या चिठ्ठीवर लाकूड, उंची, साल आणि देणाऱ्याचं नाव दिसेल. हा कोणाचा दुखवटा संपवायला आला होता, ही विचारणा तिथल्या अभिप्राय वहीत लिहून यावी, मराठीत लिहिली तरी चालेल.